एकास बारा

"पुढच्या सोमवारपासून या दवाखान्यात एकाही पेशंटला उचलून आणावं लागणार नाही," असं डॉक्टरांनी जाहीर केलं, तेव्हा सिस्टर ट्रेमध्ये कापसाचे बोळे लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत डॉक्टरांच्या अशा बऱ्याच घोषणा त्यांनी पचवल्या होत्या. टोकन पद्धत सुरू झाली, तेव्हा पंधरा दिवसांत सगळी टोकनं पेशंटांच्या खिशातून त्यांच्या घरी राहायला गेली. संगणक आला, तो केसपेपरांचा गठ्ठा ठेवायला सोयीचा पडला.

"आठ दिवसांत?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आठ दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी."

या खेपेला मात्र डॉक्टरांना खरंच लागलं होतं, हे सिस्टरना ठाऊक होतं. कारण होते मास्तर. मास्तरांनी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती, डॉक्टरांनाही शिकवली होती. मणक्याचं दुखणं झाल्यापासून गेली नऊ वर्षं ते व्हीलचेअरवर होते. दवाखाना तीन पायऱ्या वर. पहिल्या वर्षी चौघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना वर आणलं. एकदा चौघांपैकी एकाला शिंक आली आणि मास्तर पडता पडता वाचले. त्यानंतर डॉक्टरच खाली उतरायला लागले. शेजारच्या शिंप्याच्या दुकानाला पुढे पत्र्याची सावली होती. तिच्याखाली खुर्ची लावायची आणि नाडी, रक्तदाब, काय असेल ते तिथेच उरकायचं. मास्तरांचं पोट साफ झालं की नाही, हे त्यांच्या बायकोच्या आधी ब्लाउज टाकायला आलेल्या बायकांना कळायचं.

मागच्या महिन्यात त्यांच्या पायात रक्ताची गाठ झाली. रक्त पातळ करायचं औषध दिलं, ते वजनावर ठरतं. चार दिवसांत मास्तरांच्या दंडावर काळेनिळे डाग उठले.

"मास्तर, वजन किती तुमचं?" डॉक्टरांनी सावलीत उभं राहून विचारलं.

"नऊ वर्षांपूर्वी सत्तर होतं. पुढचं कुणी विचारलं नाही."

"मोठ्या रुग्णालयात केलं असेल ना?"

"केलं की. तिथला काटा उभं राहून वजन करायचा. दोघा वॉर्डबॉयनी बगलेत धरून मला त्यावर टेकवलं. त्यात मी किती आणि वॉर्डबॉय किती, ते काही कळलं नाही."

डॉक्टरांनी औषध कमी केलं, पण तेही अंदाजानेच. त्या दुपारी ते जेवले नाहीत. आणि सोमवारी घोषणा झाली.

बुधवारी गवंडी आला. त्याने पायऱ्यांकडे पाहिलं, फुटपाथकडे पाहिलं, तंबाखू मळली आणि शुक्रवारी पायऱ्यांच्या अर्ध्या भागावर सिमेंटचा उतार करून दिला. सात फूट लांब, गुळगुळीत, बघत राहावा असा. "मांजर जरी चढलं तरी घसरेल, इतकं सफाईचं काम आहे," असं तो अभिमानाने म्हणाला.

मास्तरांना उद्घाटनाला बोलावलं. ते खाली खुर्चीत बसून बराच वेळ उताराकडे बघत राहिले.

"उंची किती?"

"तीन पायऱ्या, सात-सात इंच. एकवीस," डॉक्टर म्हणाले.

"आणि लांबी चौऱ्याऐंशी इंच. म्हणजे एकास चार. अरे, एकास बारा लागतो. एक इंच चढायला बारा इंच लांबी. तुझी भूमिती तेव्हाही कच्ची होती." मास्तर चारचौघांत त्यांना अहो-जाहो करत, पण विषय भूमितीचा निघाला की अरे-तुरे आपोआप यायचं.

डॉक्टरांना ते झोंबलं. "तसं काही नाही मास्तर. मी स्वतः चढून दाखवतो." दवाखान्यातली जुनी व्हीलचेअर काढून ते तिच्यात बसले. "सिस्टर, ढकला."

डॉक्टर म्हणजे नव्वद किलोंचा ऐवज. सिस्टरांनी देवाचं नाव घेतलं आणि रेटा दिला. निम्म्यापर्यंत खुर्ची गेली. मग सिस्टरांच्या चपला मागे सरकायला लागल्या, चपलांबरोबर सिस्टर, आणि सिस्टरांबरोबर डॉक्टर. त्या कशाबशा बाजूला झाल्या. खुर्ची उलटी उतरली, फुटपाथवर तिने एक सुबक वळण घेतलं आणि शिंप्याच्या इस्त्रीच्या टेबलाला जाऊन टेकली. शिंप्याने गळ्यातली टेप सावरली.

"डॉक्टर, माप द्यायचंय का?" त्याने विचारलं.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढून आकृती काढली. एकवीस फूट सरळ जागा फुटपाथवर नव्हती, म्हणून भिंतीच्या कडेने जाऊन मध्ये वळणारा उतार त्यांनी आखला. तो शिंप्याच्या दुकानासमोरून जात होता. शिंपी दोन दिवस तोंड फुगवून बसला. मग आपल्या दुकानाची उंच पायरीही त्यात बुजणार हे त्याच्या लक्षात आलं, आणि तिसऱ्या दिवशी तो स्वतःच गवंड्याला पाणी देऊ लागला.

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले होते. उतार झाला, तेव्हा असं आढळलं की दवाखान्याचं दार बाहेर उघडतं. खुर्चीवरच्या माणसाने वर येऊन दार ओढलं, तर दार त्यालाच परत खाली ढकलणार. सुताराने दार आत उघडेल असं फिरवलं. ते बाकाला आपटू लागलं. बाक समोरच्या भिंतीशी नेलं, तिथे औषधांचं कपाट होतं. कपाटाचे पाय कापून ते तपासणीच्या खोलीत भिंतीवर उंच ठोकलं. त्यासाठी डॉक्टरांचं टेबल सरकवलं, मग डॉक्टरांना खुर्ची मागे घेता येईना. ते दोन दिवस बाजूने आत शिरत आणि एकदा बसले की दुपारपर्यंत उठत नसत. सिस्टर दिवसभर वस्तू शोधत. बँडेज कुठे, तर जिथे काल वजनकाटा होता तिथे. वजनकाटा कुठे, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "आज काय सरकवलं?"

"मला सोडून सगळं," सिस्टर म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

मग सामान आलं. खुर्चीसकट चढता येईल असा जमिनीलगतचा सपाट वजनकाटा आला, आणि पायाने कळ दाबली की वरखाली होणारं तपासणीचं टेबल आलं. ते खुर्चीच्या उंचीपर्यंत खाली यायचं. माणसाने आपलं आपण त्यावर सरकायचं, मग डॉक्टरांनी ते हवं तेवढं वर घ्यायचं. खोक्यातून काढून ते भिंतीशी, कपाटाखाली बसवलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मास्तर यायचे होते. साडेदहाला डॉक्टर म्हणाले, "आधी मी झोपून बघतो. पेशंटला काय वाटतं ते कळायला हवं."

"कालच्यासारखं?" सिस्टरांनी विचारलं. त्यांच्या हिशेबी खुर्चीचा प्रसंग अजून कालचाच होता.

डॉक्टर आडवे झाले. सिस्टरांनी सुरक्षेसाठी बाजूचा कठडा लावला आणि कळ दाबली. टेबल हळूहळू वर निघालं.

"अजून," डॉक्टर म्हणाले. "अजून थोडं."

टेबल शेवटपर्यंत गेलं. डॉक्टरांचं पोट कपाटाच्या तळाला लागलं आणि आतल्या बाटल्या किणकिणल्या.

"आता खाली."

सिस्टरांनी कळ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. टेबल ढिम्म. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा आणि त्याला टेकलेलं डॉक्टरांचं जुनं टेबल, वर कपाट. डॉक्टरांना कुशीवरही होता येईना. सिस्टरांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, बंद करून चालू करा. केलं. तो म्हणाला, पुन्हा करा. पुन्हा केलं. तो म्हणाला, मग उद्या माणूस पाठवतो.

"उद्या?" वरून आवाज आला.

बाहेर सात पेशंट बसले होते. त्यांना परत पाठवणं डॉक्टरांना पटेना. "एकेकाला आत घ्या," ते म्हणाले. "डोकं शाबूत आहे माझं."

पहिल्या आजीबाई आल्या. त्यांनी आडव्या डॉक्टरांकडे पाहिलं आणि मग सिस्टरना विचारलं, "यांना काय झालं?"

"मला काही झालेलं नाही आजी," डॉक्टर म्हणाले.

"बोलतात वाटतं," आजी सिस्टरना म्हणाल्या. "ऐकू येतं का त्यांना? काही खाल्लं का सकाळपासून?"

"आजी, मी इथेच आहे. तुमचा खोकला कसा आहे?"

"हो हो," आजी मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तुम्ही. पडून. राहा." आणि त्यांचा हात थोपटून सिस्टरांकडून खोकल्याचं जुनंच औषध घेऊन गेल्या. दुसऱ्याने सिस्टरना विचारलं की डॉक्टरांच्या घरी कळवलंय का. तिसऱ्याने दारातूनच हात जोडले. डॉक्टर आधी चिडले, मग समजावू लागले, आणि शेवटी छताकडे, म्हणजे कपाटाच्या तळाकडे बघत गप्प पडून राहिले. सिस्टरना त्यांची दया आली. त्यांना इतकं गप्प त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

अकराला दोन मिनिटं असताना बाहेर चाकांचा आवाज झाला. मास्तर उतारावरून एकटे, आपल्या हातांनी चाकं फिरवत आले होते. त्यांना धाप लागली होती आणि कपाळ घामाने भिजलं होतं. त्यांनी दार आत ढकललं, खोलीच्या तोंडाशी खुर्ची आणली आणि सगळा देखावा नीट पाहून घेतला.

"डॉक्टर, कसे आहात?" त्यांनी विचारलं. सिस्टरना नव्हे, डॉक्टरांना.

"मास्तर, सकाळपासून मला हे विचारणारे तुम्ही पहिले. सगळे सिस्टरनाच विचारतायत."

"होय. माझ्याही बायकोला विचारतात, मास्तर जेवले का. मी समोर असतो. तुम्हीही विचारलंय."

मास्तर खुर्चीत असल्याने त्यांची नजर टेबलाच्या खालपर्यंत सरळ जात होती. उभ्या माणसाला ते दिसणं शक्यच नव्हतं. "सिस्टर, त्या दोन पायांच्या सांध्यात पांढरं काय आहे?" खोक्यातला थर्माकोलचा तुकडा होता तो, टेबल वर जाताना सांध्यात घुसून अडकलेला. खाली काही आलं की टेबल उतरायचं थांबतं, कुणी चेंगरू नये म्हणून. म्हणजे यंत्र शहाणंच होतं. पडलेल्या वस्तू उचलायला मास्तर एक लांब चिमटा जवळ बाळगत. दारातूनच त्यांनी तो आत घातला आणि दोन झटक्यांत तुकडा ओढून काढला. सिस्टरांनी कळ दाबली. डॉक्टर खाली आले.

उतरल्यावर पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे आपलं जुनं टेबल स्वतः ढकलत बाहेर बाकाशेजारी नेलं. मास्तरांच्या खुर्चीला वळायला जागा झाली. मास्तरांनी नव्या टेबलाशी खुर्ची लावली, हातांवर भार घेतला आणि दोन दमांत सरकले. कुणी धरलं नाही. डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

नऊ वर्षांत प्रथमच त्यांनी मास्तरांना पालथं करून तपासलं. माकडहाडाशी रुपयाएवढी जखम निघाली. मास्तरांना तिथे संवेदना नव्हती आणि सदरा वर करून पाठ दाखवावी अशी ती पत्र्याची सावली नव्हती. जखम अजून वरवरची होती. महिनाभर उशीर झाला असता, तर हाडापर्यंत गेली असती. सिस्टरांनी ती धुतली, मलमपट्टी केली. त्यांचा हात हलका होता, पण डोळे भरल्यामुळे चिकटपट्टी दोनदा वाकडी लागली.

मग वजन. आधी मास्तर खुर्चीसकट काट्यावर चढले, बहात्तर. ते पुन्हा टेबलावर सरकले, नुसती खुर्ची ठेवली, चौदा.

"अठ्ठावन्न," मास्तर म्हणाले. डॉक्टर अजून बोटांवर मोजत होते.

औषध त्या हिशोबाने नव्याने लिहिलं गेलं. दार उघडलं तेव्हा बाहेर बसलेल्या बायका शिंप्याकडच्याच होत्या. मास्तरांच्या पोटाचं काय झालं, हे त्यांना या खेपेला कळलं नाही.

उताराची सवय लोकांना फार लवकर लागली. बाळाची गाडी घेऊन आया येऊ लागल्या, काठी टेकत म्हातारे येऊ लागले, पाण्याच्या बाटल्या पोचवणारा गडी येऊ लागला. पायऱ्या तशाच होत्या, उताराशेजारी. त्यांवर आता दुपारी शिंप्याचं मांजर झोपायचं.

पुढच्या आठवड्यात मास्तर पट्टी बदलायला आले, तेव्हा त्यांच्या पुढे वळणावर सिस्टर चालत होत्या. उताराच्या कठड्याला धरून, संथपणे.

"सिस्टर," मास्तरांनी मागून हाक मारली, "तुम्हीही इकडून?"

"हातात पिशवी आहे ना, म्हणून," सिस्टर म्हणाल्या.

पिशवी खांद्याला होती, आणि तिच्यात डब्याखेरीज काही नव्हतं. वर पोचल्यावर त्या क्षणभर थांबल्या. बावीस वर्षं त्या तीन पायऱ्या चढताना उजव्या गुडघ्यातून तीनदा कळ यायची आणि त्या तीनदा दात आवळायच्या. आज दात आवळायचे राहून गेले होते. नऊ वर्षं त्या मास्तरांना त्या पायऱ्यांखाली बघत होत्या, आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल त्यांनी डॉक्टरांना आजवर एक अक्षर सांगितलं नव्हतं. दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाने दवाखान्यात दुखणं काय सांगायचं!

"गुडघा दाखवून घ्या," मागून मास्तर म्हणाले. "नऊ वर्षं खालून बघतोय मी. संध्याकाळी पाचचा नंबर रिकामा आहे. मी डॉक्टरांना विचारलंय."