बंबामागच्या अंधाराचं पुनर्वसन

वसतिगृहाच्या बंबाभोवती दिवे लावायचं ठरलं, तेव्हा तिथे एकतीस वर्षं राहणाऱ्या अंधाराने रीतसर हरकत घेतली. अर्ज कार्बन पेपरवर होता, त्यामुळे वाचायला जरा वेळ लागला. मी इथला लिपिक. आवक क्रमांक टाकल्याशिवाय मी कुणाचंही म्हणणं ऐकून घेत नाही, तसा याच्याही अर्जावर टाकला.

दिव्यांची गरज खरी होती. चिखलदऱ्याच्या थंडीत साठ मुलींच्या आंघोळीचं पाणी हा एक बंब तापवतो. तो मागच्या अंगणात उघड्यावर आहे आणि पहाटे चारला द्रुपदाबाई सोनुने लाकडं घालून तो पेटवतात. बाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. दिवाळीनंतर त्या लाकडांच्या ढिगाला अडखळल्या आणि हात बंबाच्या तापलेल्या दारावर टेकला. पुन्हा असं झालं तर तुम्हाला घरी बसावं लागेल, असं अधीक्षिका निंभोरकर मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं होतं. मॅडम वाईट नाहीत, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं.

कुणाची जागा घ्यायची तर त्याला तेवढीच जागा दुसरीकडे द्यायची, असा नियम आहे. म्हणून मोजणीला भूमापक आले. ते आले दुपारी बारा वाजता. साहजिकच अंधार घरी नव्हता. त्यांनी 'मोक्यावर कोणीही आढळले नाही' असं लिहिलं, चहा घेतला आणि गेले. मी गप्प बसलो, कारण मला दिवे हवे होते.

आता पंधरा दिवसांत एखाद्या शेजाऱ्याने साक्ष दिली तरच अंधाराचा हक्क टिकणार होता. पण साक्ष झाली की प्रकरण लांबणार, आणि दिव्यांची मंजुरी तर मार्चअखेर संपत होती. शेजारी म्हणजे एकट्या द्रुपदाबाई. त्यांनी तोंड मिटून बसायचं, एवढंच काम होतं. चौदाव्या दिवशी त्या हाताची पट्टी सावरत माझ्या टेबलापाशी आल्या.

"लिहा साहेब. तो तिथंच राह्यते. मी रोज पाह्यतो."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दिवे येणार नाहीत, आणखी एकदा पडलात तर काम जाईल, हेही सांगितलं.

"माहा माणूस गेला तवा मी बंबामागंच रडली. दोन महिने, रोज पहाटी. पोरी पान्याले यायच्या, पन त्यानं कोनाले दिसू देलं नाही. आता मी त्याले वळखत नाही म्हनू?"

मी साक्ष लिहून घेतली.

मग पर्यायी जागेचा शोध सुरू झाला. सभागृहाच्या स्टेजखाली जागा होती, पण तिथे आधीचा एक अंधार राहत होता आणि तो वाटेकरी घ्यायला तयार होईना. पडीक टाकीत ओल होती. आमच्या अंधाराला ओल सोसणार नव्हती. एकतीस वर्षं बंबाला पाठ टेकून बसलेला तो, त्याला ऊब लागे. मार्चची अठ्ठावीस तारीख उजाडली तेव्हा द्रुपदाबाईंनी वसतिगृहाच्या फाटकाबाहेरची स्वतःची खोली देऊ केली. बंबामागची जागा आठ बाय नऊ होती आणि बाईंची खोलीही आठ बाय नऊ. म्हणजे पूर्णच द्यावी लागणार, खोलीतला बल्ब काढावा लागणार, हे मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी सही केली. माझ्या घरात कुठे काय आहे ते माझ्या हाताला ठाऊक आहे, म्हणाल्या.

स्थलांतर संध्याकाळी झालं. बाई पुढे, तो मागे. मी दार धरून उभा होतो. उंबरठ्यावर तो जरासा थांबला. बाई "ये" म्हणाल्या, तेव्हा आत गेला.

दुसऱ्या दिवशी तीन दिवे लागले. एक पायऱ्यांवर, एक लाकडांच्या ढिगावर आणि एक बंबाच्या बाजूला. हा तिसरा दिवा बाईंच्या पाठीमागे लावला असता तर त्यांची स्वतःचीच सावली बंबाच्या दारावर पडली असती, हे वायरमनच्या लक्षात आलं, त्याचं कौतुक केलं पाहिजे. तेव्हापासून बाई अडखळलेल्या नाहीत. हातही बरा झाला. स्वयंपाक मात्र त्या दिवस मावळायच्या आत उरकतात.

रोज संध्याकाळी त्या बंबातले निखारे घमेल्यात घेऊन खोलीकडे जातात. वर राखेचा जाड थर घालतात, म्हणजे त्याला ऊब मिळते आणि उजेडाचा त्रास होत नाही. माझ्या खिडकीवरून जाताना त्या घमेलं पदराखाली घेतात. वसतिगृहाची कोणतीही वस्तू नोंदीशिवाय बाहेर जाऊ नये, असा नियम आहे आणि तो मीच लिहून भिंतीवर लावलाय. त्या वेळेला मी खिडकी लावून घेतो.