साती आसरांची ऐतवारची सुट्टी

नत्थुजीचा गुन्हा एवढाच, की त्यानं आळस केला. अकोल्यात मोर्णेच्या काठावर कापूस दाबायचा वाफेचा कारखाना नुकताच आला होता. इंजिनातली वाफ निवून जे ऊन पाणी होई, ते नळानं थेट नदीत सोडायचं होतं, आणि नळाचा चर नत्थुजीनं खोदायचा होता. पण चैत्रातली काळी जमीन ती! कुदळ खणकन् उलटी यायची. गड्यानं जेमतेम कुंपणापलीकडच्या निंबापर्यंत खोदलं, नळाचं तोंड तिथंच सोडलं, वर माती लोटली आणि कारकून मोरोपंतांना सांगून टाकलं, "झालं काम, पंत."

आठवडा झाला नाही तोच निंबाखाली शेंदूर फासलेले सात दगड मांडले गेले. ठणठणीत कोरड्या जागी ऊन पाणी, म्हणजे पाण्यातल्या साती आसराच प्रकटल्या, दुसरं काय! आणि पहिला शेंदूर लावला कोणी? नत्थुजीच्याच मायनं, मनकर्णाबाईनं. पाय धुवायला पहाटेपासून घागरी घेऊन बायांची रीघ लागली. कारखान्याच्या गोऱ्या साहेबानं तर दंगा होईल म्हणून घाबरून हुकूमच काढला, की बायांच्या देवाला कुणी हात लावायचा नाही.

"पुऱ्या अकोल्यात आसराईनं मलेच दर्शन देल्लं रे," मनकर्णाबाई भाकर वाढताना म्हणायची, आणि नत्थुजीला घास गिळवत नसे. मायच्या तोंडाकडे बघायची सोय उरली नव्हती.

ऐतवारी कारखाना बंद, त्या दिवशी पाणी येत नसे. आता आपलं पितळ उघडं पडणार म्हणून त्याला घाम फुटला. पण मनकर्णाबाई शांतपणे म्हणाली, "आसराईले बी इसावा पाह्यजे, बापा." सगळ्या बायांनी माना डोलावल्या.

खरी गोम पुढंच होती. इंजिनाला चरबी घालत, आणि ती त्याच पाण्याबरोबर बाहेर येई. कशाची चरबी, हे विचारायची कारखान्यात कुणाची छाती नव्हती. बाया पाय धुतात तोवर ठीक, असं म्हणून नत्थुजी मनाची समजूत घालत होता. एका सकाळी मात्र त्यानं कुंपणावरून पाहिलं, तर चातुर्मासात कांद्यालाही न शिवणारी त्याची माय भरली ओंजळ ओठांशी नेत होती.

"माय, प्यू नको!" नत्थुजी कुंपण ओलांडून धावला. "देव नाही, काही नाही! इंजिनाचं पाणी हाय ते! चरबी हाय त्यात! म्याच आळस केला, नळ इथं सोडला!"

मनकर्णाबाईनं कपाळावर हात मारला.

"प्याले कोन बसलं रे, येड्या? लई ऊन होतं म्हून फुकून राहिली होती. गुडघ्याले लावतो आमी. चरबी हाय म्हून तं गुन येते!"

"म्हंजे... तुले ठाव होतं?"

"ऐतवारी सुट्टी घेनारा देव कुठी असते काय? आसरा मांडल्या म्हून साहेब गप होता. आता बोंबलला ना तू चवाट्यावर!"

तेवढ्यात निंबामागून कुणीतरी घसा खाकरला. मोरोपंत होते, हातात पळी घेऊन.

"चरबी म्हणालास?" त्यांनी पळीकडे पाहिलं. "अरे, पण मी तर रोज पळीभर तीर्थ घेतो!"

बाया पदरात तोंड खुपसून हसत सुटल्या. पंत लाल झाले आणि तडक नदीवर स्नानाला गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, "आजच्या आज नळ मोर्णेला गेला पाहिजे. आणि ह्यातलं साहेबांच्या कानावर अक्षर जायचं नाही."

मग काय, भर उन्हात नत्थुजी एकटाच खोदत बसला. येणारीजाणारी प्रत्येक बाई रिकामी घागर दाखवून पुढं जाई. मेल्याहून मेल्यासारखं झालं बिचाऱ्याला. दिवस मावळता मावळता एकदाचा चर नदीला भिडला आणि नत्थुजीनं मान वर केली.

काठावर, नळाचं तोंड येणार तिथंच, तेच सात दगड मांडून, ताजा शेंदूर लावून, बाया ओळीनं बसल्या होत्या. सगळ्यांत पुढं मनकर्णाबाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून.

"किती येळ लावते रे?" ती म्हणाली. "आन् आता तोंडाले कुलूप घाल. आसरा परगटून राहिल्या."

नत्थुजीनं मान खाली घातली आणि मुकाट्यानं नळ जोडला.