छपराच्या पुलात अडलेली दोन सीटांची सायकल

ऑरिन थेयरनं त्या शनिवारी सकाळी फक्त कोठारातली सायकल खाली काढायचं ठरवलं होतं. त्यापुढचं काही त्याच्या मनात नव्हतं. (माणसाच्या हातून मोठे घोटाळे होतात ते बहुधा असेच, मनात काही नसताना.)

सायकल दोन सीटांची होती, एक पुढे, एक मागे. त्याची बायको व्हर्ना जानेवारीत बर्फावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती व्हरांड्याची पायरी उतरली नव्हती. हाड कधीच जुळून आलं होतं. धीर काही जुळून येत नव्हता. आता टेकड्यांवरचे मेपल लाल झाले होते, आणि मुलगी लोइस त्याच दुपारी खोकी घेऊन येणार होती. पहिला बर्फ पडायच्या आत आईबाबांना शहरात न्यायचं, सातव्या मजल्यावर.

"आई घराबाहेर पाऊल टाकणार नसेल," ती फोनवर म्हणाली होती, "तर मग हेच घर कशाला हवं, बाबा?"

 ऑरिनकडे कुठलंच उत्तर वेळेवर नसायचं. गावात म्हणत, ऑरिनला सकाळी 'कसा आहेस' विचारलं तर तो संध्याकाळी 'बरा आहे' म्हणतो. त्याला एवढंच वाटलं, की व्हर्नाला नदीवरचा छपराचा पूल, लाकडी भिंती आणि वर छप्पर असलेला, एकदा दाखवून आणावा.

त्यानं सायकल व्हरांड्याला अगदी लगटून उभी केली. म्हणजे पायरी उतरायचा प्रश्नच नको.

"मी पायडल मारणार नाही," व्हर्ना म्हणाली.

"नको मारूस."

"आणि पडले तर?"

ऑरिननं बराच विचार केला. "आधी मी पडेन. पुढे मी आहे."

"हा धीर देतोयस का मला?" पण मागच्या सीटवर त्यानं बांधलेली उशी तिनं पाहिली, आणि ती बसली.

उताराचा रस्ता होता. रस्त्यावर ठिकठिकाणी लाल रंगानं बाण काढले होते. ऑरिनला वाटलं, रस्त्याची दुरुस्ती निघाली असेल. (सायकल क्लबाची वर्षातली मोठी फेरी त्याच दिवशी होती. गावात सगळ्यांना माहीत होतं.)

पुलाच्या तोंडाशी पाटी होती: 'घोडा चालत न्यावा. सायकलवरून उतरावे. कुणी कुणाला ओलांडून जाऊ नये.' घोड्याची ओळ शंभर वर्षांपूर्वीची. पुढच्या दोन ऑरिननं स्वतः रंगवलेल्या. पण व्हर्नाला चालवणार कसं? म्हणून नियम लिहिणाऱ्यानंच तो मोडला आणि सायकल तशीच आत घातली.

उन्हातून आत गेल्यावर काही दिसेना. आणि बरोबर मध्यावर सायकल थांबली.

ही जागा ऑरिनच्या ओळखीची होती. त्रेपन्न वर्षांपूर्वी वडिलांचा घोडा, ड्यूक, इथेच आपणहून थांबला होता. गाडीत शेजारी व्हर्ना. घोडा हलेना, शांतता संपेना, आणि त्या शांततेला घाबरूनच ऑरिननं तिला लग्नाचं विचारलं होतं. देवाचीच इच्छा, असं तो आजवर सांगत आला होता.

"साखळी अडकली," तो म्हणाला, आणि उतरून एका गुडघ्यावर बसला.

मागून घंटी वाजली. मग दुसरी. मग मोजता येईनात. क्लबाची माणसं पाटी वाचत होती, उतरत होती, आणि ओलांडून न जाता गुपचूप रांगेत उभी राहत होती. छपराच्या पुलात एक म्हातारा एका म्हातारीपुढे गुडघा टेकून बसलाय, एवढंच त्यांना दिसत होतं. कुणीतरी टाळी वाजवली. मग साठ-सत्तर जणांनी वाजवली.

"हो म्हणाल्या का?" मागून एका बाईनं ओरडून विचारलं.

"विचार करतेय," व्हर्ना म्हणाली. "घाई कसली?"

तेवढ्यात समोरच्या तोंडाशी एक मोटार येऊन उभी राहिली. दुपारच्या आधीच आलेली लोइस उतरून धावत आत आली.

"बाबा! आईला सायकलवर बसवलंत? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"साखळी..." ऑरिननं सुरुवात केली.

"साखळीला काही झालेलं नाही," व्हर्ना म्हणाली. "मागचा ब्रेक मी दाबून धरलाय."

"तू?" ऑरिननं विचारलं.

"तेव्हा घोडासुद्धा मीच थांबवला होता. तुझे वडील ड्यूकला घेऊन पुलापलीकडच्या गिरणीवर यायचे ना, तेव्हा आठवडाभर रोज त्याला इथे सफरचंद चारत होते मी."

"वडिलांना माहीत होतं?" ऑरिननं विचारलं.

"सफरचंदं त्यांचीच होती. म्हणाले, पोरी, घोडा शिकेल. आमच्या पोराचं सांगता येत नाही."

मग व्हर्नानं सीटवरून एक पाय खाली ठेवला. मग दुसरा. लोइसनं हात पुढे केला, पण लावला नाही. लाकडी भिंतीच्या आधारानं व्हर्ना फळ्या मोजल्यासारखी चालत चालत समोरच्या तोंडाशी, मोटारीजवळ उजेडात पोचली. पुलात कुणीही हललं नाही.

"खोकी आणलीस?" तिनं विचारलं.

"आणलीयत," लोइस डोळे पुसत म्हणाली.

"बरं झालं. यंदा सफरचंदं खूप आहेत. भरायला हवीच होती."

व्हर्ना परत येऊन मागे बसेल अशा समजुतीत ऑरिननं कशीबशी सायकल घराकडे वळवली. सगळ्यांनी भिंतीला चिकटून वाट दिली. "बसलीस का गं?" त्यानं विचारलं. "बसा, बसा, निघा आता!" लोक त्याला ओरडून म्हणाले आणि मागून ढकलू लागले; त्याला वाटलं, ती बसली. मागे वळलं की सायकल डुलायची, म्हणून तो वळला नाही.

चढ दोन मैलांचा. पण सायकल हलकी चालली होती. व्हर्ना पायडल मारतेय, त्याच्या मनात आलं, आणि काय झालं कोण जाणे, तो बोलू लागला.

"बर्फातून तुला उचललं ना, तेव्हा तू इतकी हलकी लागलीस की मी भ्यालो. अजून भितो. तू सातव्या मजल्यावर जाशील तर मीही येईन. पण मी गप्प आहे हे तिथे कुणाच्या ध्यानातच येणार नाही. तुझ्या येतं. आणि घोडा थांबला नसता ना, तरी मी विचारलं असतं. पुढल्या वर्षी."

त्रेपन्न वर्षांत तो एवढं बोलला नव्हता.

बोलत बोलतच अंगणात शिरला तेव्हा व्हर्ना व्हरांड्यात बसून लोइसबरोबर सफरचंदं सोलत होती. दुसऱ्या रस्त्यानं आलेली मोटार शेजारीच उभी होती. ऑरिननं मागच्या सीटकडे पाहिलं. सीटवर नुसती उशी होती.

उशीच्या मागे, आपल्या सायकलवरून उतरून, ती पुलातली बाई नाक पुसत उभी होती; वाटभर ती त्याच्या मागोमाग आली होती.

"एवढं काय बोलत होतास रे?" व्हर्नानं विचारलं.

ऑरिननं बराच विचार केला. "चढ आहे म्हटलं."

"मी सांगू?" बाई म्हणाली. "मला सगळं पाठ आहे."

व्हर्नानं सुरी खाली ठेवली आणि तिच्यापुढे खुर्ची सरकवली.