अशुद्धी : पाणी

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या हिरडाटोला या गावी बारा मार्च रोजी सकाळी सव्वानऊ वाजता खनिज तेलाचा शोध लागला. शोध लावणारे दुर्गाप्रसाद त्या वेळी हात धुवायला थांबले होते.

तालुक्यातल्याच प्रतापगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून सुमित्राबाईंचं दोन एकर उन्हाळी धान आहे. बांधावर बोअर, बोअरजवळ सिमेंटचा हौद. हौदातल्या पाण्यावर सप्तरंगी तवंग होता. तो दर मार्चमध्ये येतो, पण दुर्गाप्रसाद दर मार्चमध्ये तिथे हात धुवत नाहीत. शिवाय त्याच सकाळी ओमेशच्या चहाटपरीवर त्यांनी ‘आपल्या जमिनीखाली तेलाचे समुद्र आहेत, खोदायची हिंमत पाहिजे’ या विषयावर पाऊण तास भाषण केलं होतं. पाऊण तास बोललेल्या माणसाला पुरावा सापडायला वेळ लागत नाही.

सुमित्राबाईंची मुलगी रेणू तिथेच होती. ती गोंदियाच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली आहे.

“काका, ते तेल नाही,” ती म्हणाली. “पाण्यात लोह आहे. त्यावर जगणाऱ्या जिवाणूंचा हा पापुद्रा आहे. हे पाहा.” तिने तणसाची एक काडी घेऊन तवंगाला टोचलं. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले आणि तुकडेच राहिले. “तेल असतं तर परत जुळून आलं असतं.”

दुर्गाप्रसादांनी तुकड्यांकडे पाहिलं, मग रेणूकडे. “तू कोणत्या पार्टीची होय वं?”

दुपारपर्यंत तवंगाचा फोटो जिल्ह्यातल्या सर्व ग्रुपवर पोचला होता. संध्याकाळी गावात तातडीची ग्रामसभा झाली. दुर्गाप्रसादांच्या पक्षाचं म्हणणं असं की उद्यापासून खोदाई सुरू करावी, म्हणजे घरचं तेल घरी राहील आणि पेट्रोल चाळीसवर येईल. यादोराव विरोधी पक्षाचे. त्यांचं म्हणणं असं की भाव करामुळे चढलेत, खोदून काही उतरत नाहीत. तरीही खोदाईचा पहिला ठराव आपल्याच पक्षाच्या नावे लिहिला जावा. दोन तास कडाक्याची चर्चा झाली. दोन्ही पक्ष फक्त एका मुद्द्यावर सहमत होते, तो म्हणजे हौदात तेल आहे. तेवढा मुद्दा चर्चेत नसल्यामुळे तो एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी तलाठी चंद्रकुमार पंचनाम्याला आले. तलाठ्यांना सरकार आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतं आणि गाव अजूनही पटवारी म्हणतं. पाच पंचांनी हौदावर वाकून रीतसर वास घेतला आणि ‘वास तेलसदृश वाटतो’ यावर सह्या केल्या. वास घेताना त्यांच्या पाच मोटारसायकली हौदालगत चालू अवस्थेत उभ्या होत्या, याची नोंद पंचनाम्यात नाही, कारण तसा रकाना नाही.

मग नमुना घ्यायचा होता. नियमाप्रमाणे झाकण घट्ट बसणारं भांडं हवं. शेजारच्या शेतातून पाच लिटरची प्लास्टिकची डबकी, म्हणजे कॅन, आणली गेली. त्या डबकीतून रोज पॉवर टिलरसाठी डिझेल येतं.

“सर, यात डिझेल होतं,” रेणू म्हणाली.

“आता रिकामी आहे,” चंद्रकुमार म्हणाले.

“रिकामी आहे, पण धुतलेली नाही.”

“मॅडम, नमुन्याचं भांडं पाण्यानं धुतलं तर नमुन्यात पाणी मिसळेल. मग रिपोर्ट कसा बरोबर येणार?”

यावर रसायनशास्त्रात उत्तर आहे. महसुलात नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल तेरा दिवसांत आला. प्रयोगशाळेने आपलं काम चोख केलं होतं. नमुन्यात डिझेल आढळलं. त्यातलं गंधक दहा पीपीएमपेक्षा कमी, म्हणजे थेट बीएस-सहा दर्जाचं. सर्वात खाली एक ओळ होती : ‘अशुद्धी : पाणी, ९९.६ टक्के.’

हिरडाटोल्याच्या पोटात नुसतं तेल नव्हतं, तर शुद्ध करून, गाळून, सरकारी मानकात बसवलेलं तेल होतं. दुर्गाप्रसादांनी याचा अर्थ टपरीवर उलगडून सांगितला. “रिफायनरीचाई खर्च वाचला! अरब देशात असं नाही निघत, विचारा कोणाले बी.”

“आन् नव्याण्णव टक्के पाणी?” ओमेशने चहा गाळता गाळता विचारलं.

“ते काढून टाकू ना बे!”

त्याच दिवशी बोअर सील झाला. स्टार्टरच्या पेटीला लाख लागली आणि हौदावर तांबड्या रंगात लिहिलं गेलं : ‘संभाव्य तेलकूप. धूम्रपान, मोबाईल व सिंचन वर्ज्य.’

सुमित्राबाई हातात विळा घेऊन बांधावर उभ्या होत्या. “पटवारीसाहेब, धान पोटरीत येऊन राहिलं. आठ-दहा दिवसात निसवते, लोंबी बाहेर येते. आता पाणी नाही भेटलं त लोंबीत दाणा भरत नाही. मी त्याले काय पाजू?”

“पर्यायी पाण्यासाठी अर्ज करा, बाई. टँकर मंजूर होतो.”

अर्ज केला. टँकर मंजूर झाला, तो अर्जुनीहून निघाला आणि शेतापासून दोनशे मीटरवर थांबला. तेलकूपाच्या दोनशे मीटर परिघात डिझेलवर चालणाऱ्या वाहनाला बंदी होती. ड्रायव्हरने नियम वाचला, पाणी रस्त्याच्या कडेला सोडलं, आणि पाणी पोचल्याची सही सुमित्राबाईंकडून मागितली.

“रस्त्याले पाजलं पाणी, सही मी कायले करू?” सुमित्राबाई म्हणाल्या.

“मग पुढचा टँकर नाही येत, मावशी.”

दरम्यान, जिल्ह्याचं अर्थकारण बदलत होतं. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या पंपावर लोक पन्नास रुपयांच्या वर पेट्रोल टाकेनात. भाव पडणारच आहेत, तर टाकी फुल कायले करायची? परिणामी माणसं रोज पंपावर येऊ लागली, रांग नाक्याबाहेर गेली आणि रांगेत उभ्या गाड्यांनी उभ्या उभ्या जे पेट्रोल जाळलं, त्याचा आकडा कोणी काढला नाही. रांग लांबलेली पाहून यादोरावांनी पेट्रोलटंचाईविरुद्ध मोर्चा काढला. दुर्गाप्रसादांनी त्याला उत्तर म्हणून खोदाईच्या समर्थनार्थ रॅली काढली. दोन्हींसाठी कार्यकर्त्यांना प्रत्येकी दोन लिटर पेट्रोल वाटण्यात आलं. पंप दुपारी कोरडा पडला. त्यावरून दोन्ही पक्षांनी निष्कर्ष काढला की हिरडाटोल्याचं तेल आता अत्यावश्यक झालं आहे.

रेणू तहसील कार्यालयात सात वेळा गेली. तिची मागणी साधी होती : स्वच्छ काचेच्या बाटलीत नवा नमुना घ्या.

“घेऊ ना,” चंद्रकुमार म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. “पण नमुना घ्यायला बोअर सुरू करावा लागेल. त्यासाठी सील काढावं लागेल. आणि बोअरमध्ये तेल नाही हे सिद्ध झाल्याशिवाय सील निघत नाही.”

“आणि ते सिद्ध करायला नमुना लागतो.”

“बरोबर. तुम्ही लवकर समजता. काही लोकांना चार-चार वेळा सांगावं लागतं.”

मग आवाज खाली करून त्यांनी एक वाट दाखवली. पाच पंचांच्या सह्यांनी हौदात तेल आलं होतं; तसंच पाच पंचांच्या सह्यांनी तिथे पाणीही येऊ शकत होतं. उलट पंचनामा. मजकूर एका ओळीचा : ‘आम्ही समक्ष पाहिले असून हे पाणी आहे.’ समक्ष नसेल, तर व्हिडिओ पाहिलेला चालतो. पंच कुटुंबाबाहेरचे हवेत, गावचेच असावेत असं काही नाही.

रेणू कागद घेऊन गावात फिरली. पहिल्यांदा ओमेशकडे गेली.

“ताई, पाणी होय हे मलेबी दिसून राहिलं,” तो म्हणाला. “सील लागेवरी त्याच पाण्याचा चहा करत होतो ना मी. पन मी सही केली आन् उद्या भाव नाही उतरले, त सारं गाव मलेच धरन.”

यादोराव अधिक स्पष्ट होते. “ते पाणी आहे, हे आमच्या पक्षाचं खासगी मत आहे. जाहीर भूमिका तेलाची आहे.”

दुर्गाप्रसादांनी तर कागद हातातही घेतला नाही. “पोरी, तुही माय माह्या बहिणीसारखी. पन देशासाठी दोन एकर जात असन, त जाऊ द्यावं लागते.”

“तुमची किती एकर जातात, काका?”

“माही देशाच्या बाजूनं आहे ना!”

पहिली सही, म्हणजे अंगठा, जमुनाबाईंचा मिळाला. त्या सत्तरीच्या, सगळीकडे पायी जाणाऱ्या. “सील लागेवरी मी त त्याच बोअरचं पाणी पेत होतो वं. डिझेल राहिलं असतं त आतावरी मेली असती ना मी!” दुसरी सही सायकलवर बकऱ्यांचा पाला आणणाऱ्या बकारामची. तिसरी आणि चौथी बिड्या वळणाऱ्या नंदाबाई आणि सुशिलाबाईंची. चार सह्या झाल्यावर रेणूने सवयीप्रमाणे माहितीची मांडणी करून पाहिली. चौघांपैकी एकाच्याही घरी पेट्रोलवर चालणारं काही नव्हतं. आणि गावात असं पाचवं घर नव्हतं.

म्हणून तिने काडीच्या चाचणीचा व्हिडिओ टाकला. तवंग, काडी, तुकडे. चाळीस सेकंद. खाली लिहिलं : हे पाणी आहे असं मानणाऱ्या एका माणसाची सही हवी आहे.

दोन दिवसांत एकसष्ट हजार लोकांनी तो पाहिला. ‘विज्ञानाचा विजय’, ‘अशा मुली हव्यात’, ‘खेड्यातले लोक कधी सुधारणार’ अशा प्रतिक्रिया आल्या. सही आली नाही. तिसऱ्या दिवशी एका सुशिक्षित गृहस्थांचा फोन आला. ते वाचन करणारे होते, भाषेवरून कळत होतं.

“बेटा, तुझी ती काडी आमच्या सोसायटीत सगळ्यांना दाखवली. काय स्वच्छ विचार आहे!”

“सर, मग सही कराल? कागद मी आज पाठवते. धान निसवायला लागलंय, चार दिवसच आहेत.”

“सही काय, करू की. प्रश्नच नाही. फक्त एक सांग, तू शिकलेली आहेस म्हणून विचारतो. समजा, अगदी समजा, तिथे तेल निघालंच, तर आमच्या इकडे लिटरमागे कितीने उतरेल?”

रेणूने आकडा सांगितला नाही. गृहस्थ म्हणाले, विचार करून कळवतो.

त्यांचं कळवणं अजून बाकी आहे. शेताच्या खालच्या बांधीत, म्हणजे खाचरात, भेगा पडल्या आहेत आणि वरच्या बांधीतल्या लोंब्या पांढऱ्या पडू लागल्या आहेत. सुमित्राबाई रोज सकाळी लाखेचं सील पाहून येतात. कागदावर चार नावं आहेत, पाचवी ओळ रिकामी आहे. तुम्ही कुटुंबाबाहेरचे आहात. तुम्हाला लिहिता-वाचता येतं. हौदात काय आहे हे तुम्हाला सुरुवातीपासून ठाऊक आहे; मधल्या सगळ्या माणसांवर तुम्ही हसलातही. तेव्हा पेन घ्या आणि सही करा.

काय म्हणालात? कितीने उतरेल?