कंपनीचा सोमवार

“मॅडम, डबा उघडा,” गेटवर उत्तमसिंग म्हणाला आणि सोमवारी सकाळीच शीतलचं डोकं तापलं.

उत्तमसिंग वॉचमन होता. एरवी तो आत येणाऱ्या ट्रककडेही धड बघत नसे, पण गेले काही सोमवार लोकांच्या डब्यातली भाकरी पकडणं हेच त्याचं मुख्य काम झालं होतं. शीतलने झाकण काढलं. आत उकडलेली रताळी होती.

“जा,” तो म्हणाला आणि मग आवाज खाली आणून पुटपुटला, “शेठचा हुकूम हाय, काय करनार? माझ्याबी पोटात निस्ता चहाच हाय.”

हे सगळं एका मशीनमुळे सुरू झालं होतं. हिंगोलीहून औंढ्याला जाणाऱ्या रस्त्यावर ‘सोनअमृत हळद प्रायव्हेट लिमिटेड’ आहे. तिचे मालक अमृतराव यांनी हळकुंडं दळायचं नवं मशीन आणलं आणि ते सारखं बंद पडायला लागलं. अमृतराव औंढ्याला गेले, नागनाथापुढे हात जोडून म्हणाले, “देवा, मशीन चालू दे, माझी कंपनी सोमवार धरील.” त्याच दुपारी इकडे बंटी मिस्त्रीने मशीनचा झिजलेला पट्टा बदलला. मशीन सुरू झालं ते सुरूच राहिलं. बंटीला कोणी साधा चहाही विचारला नाही. श्रेय सगळं नवसाला गेलं, आणि नवस फेडायला अमृतरावांनी कामगारांची पोटं पुढे केली.

सोमवारी कँटीनमध्ये वाटीभर भगर. बाहेरून उपवासाचं सोडून दुसरं अन्न आणायचं नाही. आणलं तर मंगळवारी कामावर यायचं नाही. नवस अमृतरावांचा, मशीन अमृतरावांचं, नफाही त्यांचाच आणि भूक मात्र पोती उचलणाऱ्यांची. बिचाऱ्या नागनाथाने कुणाच्या तोंडची भाकरी कधी मागितली होती?

शीतल कंपनीत हळदीचा रंग, ओल आणि भेसळ तपासायची. तिच्या घरी बुद्धवंदना होत असे; सोमवार त्या घरात कुणीच धरला नव्हता. पहिल्याच सोमवारी ती तडक केबिनमध्ये गेली होती.

“शेठ, आमी बौद्ध हावोत. आमच्यावर काहून हा उपवास?”

“तुमच्यावर कुठं हाय मॅडम? कंपनीवर हाय. कंपनीत पाय ठिवला की तुमी कंपनीच झाल्या.”

“मग नफा वाटायच्या टायमाला मी कंपनी काहून न्हाई?”

अमृतराव गोड हसले. “पटत नसंल तर हिंगोलीत दुसऱ्या कंपन्या हायेत की.”

नव्हत्या. निदान तिच्या बी.एस्सी.चा उपयोग होईल अशी एकही नव्हती, आणि धाकट्या भावाचं कॉलेज तिच्याच पगारावर चालू होतं. ती दात ओठ खात बाहेर आली.

ती तशीच गप्प बसली असती. पण एका सोमवारी पॅकिंगमधली मिराबाई चक्कर येऊन पोत्यांवर कोसळली. शीतलने तिला आपल्या तपासणीच्या खोलीत नेऊन साखरपाणी दिलं. मिराबाई डोळे उघडून म्हणाली, “बाई, देवाला माझी काही तकलीफ न्हाई. ह्या शेठलाच हाय.” ऐकता ऐकता शीतलची नजर कपाटाकडे गेली. तिथे नमुन्यांचे स्टीलचे डबे रांगेने ठेवलेले होते. शेतकऱ्यांकडून हळदीचे नमुने अशा डब्यांतून रोज गेटमधून आत येत, आणि वाटेत ते कुणी उघडायचे नाहीत, असं खुद्द अमृतरावांनीच बजावलेलं होतं.

पुढच्या सोमवारी रताळी आली जेवणाच्या डब्यात आणि भाकरी आली नमुन्याच्या डब्यात.

“मिराबाई, चला, नमुना तपासू,” शीतलने हाक मारली.

मिराबाईने ही गोष्ट एकीला सांगितली, तिने दुसरीला. हळूहळू हमालही हळद ‘तपासायला’ येऊ लागले. डबे वाढत गेले. सोमवारी खोलीबाहेर रांग लागलेली बघून अमृतरावांचा ऊर भरून आला. “सोमवार धरल्यापसून मान्सं क्वालिटीला किती जपून राहिलेत,” ते येईल त्याला सांगू लागले.

तेच त्यांनी आपल्या मोठ्या बहिणीला सांगितलं आणि घात झाला. मनकर्णाआक्काने अमृतरावांना लहानाचं मोठं केलं होतं. सोमवारी ती स्वतः फक्त पाण्यावर राही. भावाच्या कंपनीचा उपवास डोळ्यांनी बघायला ती नेमकी याच, गेटवर रताळी दाखवलेल्या सोमवारी आली. आणि नेमके आदल्या दिवशी शीतलच्या मावशीने सिद्धेश्वरच्या धरणातले मासे पाठवले होते.

अमृतरावांनी आक्काला मशीन दाखवलं, भगर दाखवली आणि शेवटी तपासणीच्या खोलीत आणलं. “आक्का, आपल्या हळदीचा रंग बघ,” म्हणत त्यांनी कपाटातला पहिला डबा उचलला. शीतल “शेठ, तो नका...” म्हणेपर्यंत झाकण निघालं होतं.

रंग खरोखरच सुरेख होता. तळताना शीतलने माशांना सढळ हाताने हळद लावली होती, तीही कंपनीचीच. आक्काने नाकाला पदर लावला. अमृतरावांनी घाईघाईने दुसरा डबा उघडला. त्यात भाकरी आणि ठेचा होता.

“कोनाचं हे?”

दारातली मिराबाई मागच्या मागे सरकली. “माझं,” शीतल म्हणाली.

“उद्यापसून येऊ नका मॅडम.”

शीतलच्या डोळ्यांपुढे धाकट्या भावाचं कॉलेज आलं. पण इतके दिवस गिळलेला राग त्यालाही पुरून उरला. “न्हाई येत. पन उपवास मोडायला आधी धरावा लागतो शेठ. मी कवा धरला होता? आन् तुमी तरी कुठं धरला? सकाळी तुमच्या केबिनमधी पोहे गेलेले मी बघितलेत.”

“पोहे?” आक्काने पदर खाली घेतला. “अमृत, नवस तुझा न्हवं का रे?”

“आक्का, मला शुगरची गोळी असती, उपाशी चालत न्हाई. म्हनून कंपनीच्या नावानं बोललो. तिनं धरला म्हंजे मी धरल्यासारखंच की.”

“म्हंजे कंपनी आन् तू एकच?”

“न्हाई, तसं न्हाई. प्रायव्हेट लिमिटेड हाय. कायद्यानं ती येगळी.”

“मग ती कंपनी काय खाऊन राहिली ते दाखवा की आक्काला,” शीतल खिडकीकडे हात करून म्हणाली.

बाहेर दोन हमाल मशीनच्या तोंडात हळकुंडांचं पोतं रिकामं करत होते. ते संपलं, तसं दुसरं आलं. आक्का खिडकीशी जाऊन बघू लागली.

“अमृत, उपवासाला हळद चालती का रे?”

उपवासाच्या भाजीत हळद घालत नाहीत, हे लहान लेकरालाही ठाऊक असतं.

“सोमवार धरला म्हनतूस आन् सकाळपसून पोत्यानं हळद चारून राहिलास तिला? बंद कर ते मशीन.”

“आक्का, पन ऑर्डर हाय मोठी...”

“ती देवाला सांग. आन् कोनाची मजुरी कापू नको. उपवास कंपनीचा, तर तकलीफबी कंपनीलाच व्हायला पायजे. ही पोरगी उद्या कामावर येईल. बाई, तेवढे मासे झाक बरं.”

त्यानंतर दर सोमवारी कंपनीने खरा उपवास केला. मशीन ताडपत्रीखाली, ट्रक गेटबाहेर, कामगार आपापल्या घरी पोटभर जेवून आडवे. रिकाम्या आवारात अमृतराव एकटेच फेऱ्या मारत. महिनाभरात ते आक्काकडे जाऊन उद्यापनाचं विचारून आले. तिने सांगितल्याप्रमाणे त्यांनी सगळ्यांना पुरणपोळी केली आणि स्वतः वाकून वाढली. शीतलने तीनदा मागून घेतली, कारण राग अजून पुरता उतरला नव्हता. गेटवर डबे उघडणं बंद झालं.

नंतरच्या एका सोमवारी दुपारी सगळे कँटीनमध्ये उघडपणे भाकरी खात बसले होते, तेवढ्यात मशीन खडखडलं आणि बंद पडलं. अमृतराव केबिनमधून बाहेर आले. मशीनकडे बघितलं, औंढ्याच्या दिशेला वळले आणि त्यांचे हात हळूहळू जोडले जाऊ लागले. कँटीनमध्ये प्रत्येकाने आपल्या डब्यावर हात ठेवला.

“शेठ,” शीतलने विचारलं, “ह्या टायमाला कोनाच्या नावानं?”

अमृतरावांचे हात तसेच खाली आले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

“बंटी, कुठं हायेस रे? लवकर ये,” ते म्हणाले. “चहा टाकायला सांगतो तुला.”