चार अक्षरी कौतुक

शनिवारी संध्याकाळी व्याही चहाला आले आणि भिंतीवरची फ्रेम पाहून म्हणाले, "वा! अगदी समर्पक शब्द!"

फ्रेममध्ये पितळी पत्रा होता आणि त्यावर इंग्रजीत कोरलं होतं, 'आमच्या नाइस मॅडमना'. एकतीस वर्षं पोस्टात रजिस्टर पत्रांची खिडकी सांभाळून बाई आदल्याच दिवशी निवृत्त झाल्या होत्या. फ्रेमला जागा हवी म्हणून त्यांनी हॉलमधलं घड्याळ उचलून स्वयंपाकघरात नेलं होतं.

"विहीणबाई, तुम्ही आहातच नाइस," व्याही म्हणाले.

इथे बाईंच्या यजमानांना खोकला आला. यजमान एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा त्यांना पगार मिळे, पण फुकट काढायलाही त्यांची ना नसे. छापखान्यात सगळे त्यांना 'कानामात्रा' म्हणत. घरात काय म्हणत, ते त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या बेतानं म्हणत.

"गंमत सांगू का एक?" कानामात्रा म्हणाले.

"नको, बाबा," मुलगा म्हणाला. त्याला अनुभव होता.

"नाइस हा शब्द मूळचा लॅटिन. 'ने' म्हणजे नाही, आपल्या 'न'सारखाच. पुढचा भाग म्हणजे जाणणं. तेव्हा नाइस कोण, तर ज्याला काही म्हणजे काही कळत नाही तो. ठार अडाणी!"

व्याह्यांनी तोंडातला घोट गिळायचं लांबणीवर टाकलं. बायकोच्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर कानामात्रांनी घाईघाईनं सारवासारव सुरू केली.

"पण ते फार जुनं! पुढे अर्थ बदलला की."

"काय झाला?" बाईंनी विचारलं.

"पुढे... किरकिरा. जरा खुसपटं काढणारा."

"मग?"

"मग नाजूक. म्हणजे, नको तितका नाजूक. पण अठराव्या शतकात एकदम 'छान'वर आला बघ!"

"म्हणजे मी आधी अडाणी, मग किरकिरी, मग नखरेल. आणि छान व्हायला मला चारपाचशे वर्षं लागली."

"तू नाही गं, शब्द!"

"बिस्किटं घ्या ना," बाई व्याह्यांना म्हणाल्या. त्या संध्याकाळचं नवऱ्याशी त्यांचं बोलणं तिथेच संपलं.

सोमवारी फ्रेम कापडी पिशवीत घालून बाई पोस्टात गेल्या आणि ती त्यांनी पोस्टमास्तरांच्या टेबलावर आडवी ठेवली.

"साहेब, एकतीस वर्षांत तुम्हाला माझ्यात हेच दिसलं?"

पोस्टमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि घाम पुसला. "बाई, आईशप्पथ, मनात काही नव्हतं. कोरणारा म्हणाला, मधल्या शब्दाला चारच अक्षरं मावतील."

"मग गुड लिहायचं. त्यालाही चारच लागतात."

"ते मागच्या वर्षी वॉचमनला दिलं होतं."

बाईंनी पिशवीची घडी केली, फ्रेम तिथेच ठेवली आणि त्या घरी गेल्या.

खरा घोळ त्यानंतर सुरू झाला. पोस्टमास्तरांच्या खुर्चीमागे त्यांचंही एक प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं. वरच्या ऑफिसातून आलेलं, साहेबांच्या सहीचं. त्यात 'नाइस वर्क' असं लिहिलं होतं. गेली सहा वर्षं पोस्टमास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला ते वाचून दाखवत. आता त्यांनी खुर्ची वळवली आणि ते पहिल्यांदाच मनातल्या मनात वाचलं. दुपारी त्यांना जेवण गेलं नाही. शेवटी त्यांनी वरच्या ऑफिसला रीतसर पत्र टाकलं, 'उपरोक्त शब्द नेमक्या कोणत्या शतकातील अर्थाने वापरण्यात आला आहे, याचा कृपया खुलासा व्हावा.'

वरच्या ऑफिसातल्या साहेबांनी हा शब्द निदान दोनशे पत्रांवर लिहिला होता, कारण मजकूर न वाचता लिहिता येईल असा दुसरा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. दोनशे लोक आता खुलासा मागणार, या कल्पनेनं ते हादरले. त्यांनी उलट टपाली विचारलं, 'सदर अफवा कोणी पसरवली?' पोस्टमास्तरांनी छापखान्याचं नाव पत्त्यासह कळवलं. त्या ऑफिसचे सगळे फॉर्म त्याच छापखान्यात छापले जात.

गुरुवारी छापखान्याच्या मालकांनी कानामात्रांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"कानामात्रा, तुम्हाला चुका कशातल्या काढायला ठेवलंय?"

"कागदातल्या."

"मग लोकांच्या कौतुकातल्या कशाला काढता? फॉर्मचं काम गेलं तर तुम्हीही गेलात. समजलं?"

"पण मालक, शब्दाचं मूळ खरोखरच तसं..."

"मूळ उपटून टाका! लिहून द्या आत्ताच्या आत्ता."

कानामात्रांनी लिहून दिलं. 'नाइस म्हणजे छान. शब्दाचा मूळ अर्थ आज गैरलागू असून तो चारचौघांत सांगितल्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सही केली. मालकांनी त्याच्या तीन प्रती काढल्या. एक वरच्या ऑफिसला गेली आणि साहेब शांत झाले. एक पोस्टमास्तरांनी स्वतःच्या प्रशस्तिपत्राशेजारी टांगली. तिसरी त्यांनीच लगोलग फ्रेमसकट बाईंच्या घरी धाडली.

कानामात्रा घरी पोचले तेव्हा फ्रेम भिंतीवर परत लागली होती. बाई कानामात्रांची जाडजूड डिक्शनरी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कानामात्रांना हायसं वाटलं.

"राग गेला म्हणायचा!"

"राग कसला? पाच दिवस तुमच्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून वाचत बसले. फार छान पुस्तक आहे. अहो, हजबंड शब्दाचं मूळ ठाऊक आहे का तुम्हाला?"

कानामात्रांना ठाऊक होतं. म्हणून ते गप्प बसले.

"हज म्हणजे हाउस. घर," बाई बोट ठेवून वाचू लागल्या. "आणि बंड म्हणजे तिथं राहून ते घर चालवणारा. म्हणजे हजबंड कोण, तर घर सांभाळणारा. मी एकतीस वर्षं खिडकीही सांभाळली आणि घरही. हे आधी नाही सांगितलंत कधी?"

"अगं, ते हजार वर्षांपूर्वीचं! शब्दांचे अर्थ बदलतात. मूळ अर्थ आज गैरलागू आहे. मी सहीनिशी लिहून दिलंय!"

बाईंनी त्यांची सहीची प्रत काढली आणि चष्मा नीट करून वरपासून खालपर्यंत वाचली.

"हे फक्त नाइसचं दिलंय," त्या म्हणाल्या. "हजबंडचं काही लिहून दिलेलं दिसत नाही."

कानामात्रांनी कागद हातात घेऊन तो दोनदा तपासला. मजकुरात एकही चूक सापडली नाही. बाईंनी डिक्शनरीचं पान उलटलं आणि पुढचा शब्द वाचायला घेतला.

"भांडी सिंकमध्ये आहेत," वर न बघता त्या म्हणाल्या.