त्सुबाकिउरा बंदरी दोन चुगोकुंचे रण

श्रीसमुद्रदेवता सुप्रसन्न. पृथ्वीवर राज्ये बहुत जाहली आणि बुडाली, परंतु नावावरून जे रण माजते त्याची सर जमिनीच्या तंट्यास नाही. ऐसेच एक रण जपान मुलखी, त्सुबाकिउरा बंदरी, देवळाचे उन्हाळी जत्रेत माजले. त्याचा मजकूर, दोन्ही पक्षांचे अन्न पोटात असल्याकारणे कोणाचीही भीड न धरिता, येथे कथिला आहे.

बंदरी राजश्री रिन तेत्सुओ, चिनी खाणावळीचे तिसरे पिढीचे धनी, नांदत होते. त्यांचे आजे समुद्र उल्लंघोन आले आणि त्यांनी स्वहस्ते एक लाल निशाण शिवोन त्यावर सोनेरी धाग्याने 'चुगोकु' ऐसी अक्षरे काढिली. चुगोकु म्हणजे मधला देश. चिनाने आपणांस पृथ्वीचे मध्य मानिले आणि शेजारियांनी तेच नाव मुकाट चालविले. ते निशाण दरसाल जत्रेत देवळाचे कमानीपाशी खाणावळीचे राहुटीवर फडके, आणि रिनपंतांचे वडील एइकिची, पाय गेल्यापासोन माडीवर बिछान्यास खिळलेले, खिडकीतून ते पाहात. एवढीच हौस त्यांची शिल्लक राहिली होती.

ऐसे असता शेजारच्या मातुश्री मासुए ओकिमोतो, ऑक्टोपसचा भात रांधण्यात ज्यांचा हात धरणारा मुलखात नाही, यांनी यंदा नवे निळे निशाण उभारिले, आणि त्यावरही 'चुगोकु'! कां की जुनी राजधानी आणि पश्चिमेकडील दूरचे सुभे यांचे मध्ये पडला म्हणोन या बंदराभोवतीचा अवघा मुलूखही चुगोकुच म्हणवितो. मग काय विचारता! ग्योझा, म्हणजे खिमा भरलेल्या चिनी करंज्या, मागणारी फौज मासुएबाईंचे राहुटीवर चालोन गेली, आणि वाडग्यात ऑक्टोपसचा पाय पाहोन एक प्रवासी ऐसा किंचाळला की देवळाचे ढोल बंद पडले.

तेव्हा पंचायतीचे मुख्य, मोरिवाके मास्तर, यांनी हुकूम फर्माविला की कमानीपाशी चुगोकु एकच राहील.

"काकू, हे निशाण आजोबांचं आहे. तुमचं कालच शिवून आलंय."

"असेल की! पण तेत्सु, आम्ही इथले. तुझं चुगोकु समुद्रापलीकडे. तिकडे जाऊन लाव."

हे बोल रिनपंतांचे वर्मी लागले. याच बंदरी ते जन्मले, याच बाईंचे अंगणात लहानाचे थोर जाहले, आणि आज त्याच मुखातून हे ऐकिले. बहुत वाईट वाटले. मग त्यांनी निशाण उतरविले, गुंडाळोन काखेत घातले आणि खाली मान घालोन उभे राहिले.

मास्तरांसही चुटपुट लागली आणि त्यांनी तजवीज काढिली की रिनपंतांस चिनाचे एखादे जुने नाव बहाल करावे. प्रथम 'कारा' सुचविले. हे नाव मुळी कोरियातील एका चिमुकल्या राज्याचे, पुढे अवघ्या कोरियाचे, आणि त्याही पुढे ते चिनाचे अंगावर गेले. परंतु बोलताना कारा म्हणजे रिकामेही होते. रिकामी खाणावळ! रिनपंतांनी कानांवर हात ठेविले. मग 'मोरोकोशी' निघाले: मोरो म्हणजे नाना, कोशी म्हणजे चिनाचे दक्षिणेकडील लोक, ऐसी मास्तरांनी फोड केली.

"लिहा काहीही, मास्तर," रिनपंत वदले.

पंचायतीत पिवळे कापड पडोन होते, त्यावर मोरोकोशी रंगविले आणि ते चढते न चढते तोच माडीवरून फोन आला.

"तेत्सु, आपलं निशाण कुठंय? हे पिवळं काय लोंबतंय?"

"धुवायला टाकलंय, बाबा."

"जत्रेच्या दिवशी?"

इतक्यात गिऱ्हाइकांनी वेढा दिला.

"दोन मोरोकोशी द्या, सोया सॉस जरा सढळ हातानं!"

"मका नाहीये हो. ग्योझा आहेत."

"मग दादा, एवढं पिवळंधमक लिहून आमची थट्टा करताय का?"

कां की त्या मुलखी मक्यास तोमोरोकोशी म्हणतात आणि लाडाने निम्मे नाव गिळितात. त्यात 'तो' म्हणजेही चीन आणि 'मोरोकोशी' म्हणजेही चीन, आणि मका पाहावा तर फिरंग्यांचे गलबतातून उतरलेला! परंतु भुकेल्या फौजेस इतिहास कोण सांगणार? रांग वाढत वाढत बंदरास टेकली.

इकडे मासुएबाईंचे राहुटीत चिटपाखरू नाही, कां की त्या गलक्यात ग्योझा कोठे मिळतात हे अवघ्या जत्रेस कळले होते. तेव्हा बाईंस उमगले की त्यांची निम्मी गिऱ्हाइके चुकोनच येत होती, ग्योझा मागत होती, आणि आता आलोच आहो तर म्हणोन भात खाऊन तृप्त होत होती. चूक मिटली आणि धंदा बसला. भाताचे पातेले तसेच्या तसे! मग बाईंनी पदर नव्हता म्हणोन ॲप्रन खोचिले आणि खासा चाल केली.

"तेत्सु, ते लाल निशाण कुठंय?"

"काखेत."

"लाव."

"कुठं? समुद्रापलीकडे?"

तोच रांगेतील एकाने पुसिले, "हे मालक चीनचे का हो?"

"कोण, हा? इथला आहे तो!" बाई गरजल्या. "माझ्या अंगणात गुडघे फोडून मोठा झालाय. चुगोकुचाच आहे, इकडूनही आणि तिकडूनही." आणि मग हळूच, "चुकलं रे माझं. आण इकडे."

आणि बाई स्वतः स्टुलावर चढल्या, आणि वयाची पर्वा न करिता लाल निशाण निळ्याशेजारी घट्ट बांधिले. रिनपंतांनी स्टूल धरिले होते. त्यांस पुढचे नीट दिसेना.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तह ठरला की चुगोकु दोन राहतील आणि चुकोन आलेल्यास कोणी उपाशी परत धाडू नये. पिवळे निशाण मास्तरांचे गळ्यात पडले. पुढील साली त्यांनी जातीने मका भाजावा ऐसा उभय पक्षांचा हुकूम जाहला आणि मास्तरांनी तो शिरी धरिला. मग माडीवरून पुन्हा फोन आला, तोही विजयाचे दाखल्यास येथे रुजू केला आहे.

"तेत्सु, चांगलं धुतलंय रे. नव्यासारखं दिसतंय."